कोच कोण, हे विचारण्याआधी करार काय ते विचारा

"कॉलेजच्या बास्केटबॉलचा कोच बदलला म्हणून एवढा गदारोळ? रिकामटेकडे आहेत हो हे अमेरिकन लोक!" हे वाक्य मी इंदूरला परतल्यापासून निदान वीस जणांकडून ऐकलं. सकाळच्या फिरण्यात ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं, पोह्यांच्या ठेल्यावर तर एकाने विचारलं, "भिया, कोच निवडून राहिले की पंतप्रधान?"

हसून सोडून देता आलं असतं. पण या सगळ्यांना मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, ते लोक रिकामटेकडे नाहीत. दुसरी, त्यांचं भांडण चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या प्रश्नावर सुरू होतं, आणि नेमकं तेच आपण आपल्या संस्थांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. म्हणून हे लांबलचक लिहितोय. ज्यांना बास्केटबॉलमध्ये काडीचा रस नाही त्यांनीही वाचावं, कारण मीही त्यातला जाणकार नाही. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्सवर कधीमधी सामने पाहिलेत, इतकंच. माझं सगळं आयुष्य कर्जाची प्रकरणं तपासण्यात गेलं. कोणाला किती द्यायचं, किती मुदतीने द्यायचं आणि बुडालं तर काय करायचं, एवढे तीनच प्रश्न मला येतात. पण तेच प्रश्न इथे कामाला आले.

मुलगी आणि जावई केंटकी राज्यात लेक्सिंग्टनला असतात. २०२४ च्या मार्चपासून जुलैपर्यंत आम्ही दोघं तिथे होतो. म्हणजे नाटकाचा पडदा वर जायला आणि आम्ही खुर्चीत बसायला एकच गाठ पडली.

आधी तिथला माहौल सांगतो. केंटकीत एनबीएचा संघ नाही. त्यांच्या व्यावसायिक फुटबॉलच्या एनएफएलचा नाही, बेसबॉलच्या मोठ्या लीगचाही नाही. राज्यभर एकच गोष्ट आहे, युनिव्हर्सिटी ऑफ केंटकीचा बास्केटबॉल संघ. निळे शर्ट, निळे झेंडे, निळ्या पाट्या. आठ राष्ट्रीय विजेतेपदं, तीही पाच वेगवेगळ्या कोचांच्या हाताखाली. ॲडॉल्फ रप यांच्या काळात १९४८, १९४९, १९५१ आणि १९५८ अशी चार. मग जो हॉल १९७८, रिक पिटिनो १९९६, टबी स्मिथ १९९८ आणि जॉन कॅलिपारी २०१२. हे आकडे तिथला न्हावीसुद्धा केस कापता कापता सांगतो. आपल्याकडे जुन्या इंदूरकराला होळकर संघाची चार रणजी विजेतेपदं विचारा, अशीच उत्तरं येतील. सी. के. नायडूंचं नाव निघालं की आवाज अजून बदलतो. मग आपण रिकामटेकडे का?

शिवाय हे राज्य विद्यापीठ आहे. या कोचचा पगार राज्याच्या गव्हर्नरच्या पगारापेक्षा कितीतरी मोठा असतो. ज्या माणसाला आपल्या राज्याच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार आहे तो कोण असावा, यावर लोकांनी बोलायचं नाही तर कशावर बोलायचं?

आता २०२४. कॅलिपारी पंधरा वर्षं कोच होते. पहिली सहा वर्षं सोन्याची. २०१२ चं विजेतेपद, २०१४ ला अंतिम सामना, २०१५ ला ३८ सामने सलग जिंकून उपांत्य फेरीत एकच हार. नंतर उतरण. २०२०-२१ च्या मोसमात ९ विजय आणि १६ पराभव. २०२२ ला सेंट पीटर्स नावाच्या छोट्या कॉलेजकडून पहिल्याच फेरीत पराभव. आणि आम्ही पोचलो त्याच मार्चमध्ये, २१ तारखेला, मिशिगनच्या ओकलंडकडून ८०-७६. ओकलंडच्या एकट्या जॅक गोल्कीने लांबून दहा तीन-गुणी बास्केट मारले. मार्चमधली ही स्पर्धा बाद पद्धतीची असते, अडुसष्ट संघ, एकदा हरलात की घर. मुलीच्या शेजारचे एक निवृत्त गृहस्थ रोज सकाळी घरापुढचा निळा झेंडा नीट करायचे. दुसऱ्या दिवशी झेंडा गुंडाळलेला. सुतक असल्यासारखं.

लोकांचं म्हणणं, काढा आता. पण २६ मार्चला क्रीडा संचालक मिच बार्नहार्ट यांनी जाहीर केलं, कॅलिपारीच राहतील. का, ते पुढे सांगतो. तोच या लेखाचा गाभा आहे.

मग एप्रिलमध्ये जे झालं ते पाहून मला आमच्या बँकेच्या बदल्यांची यादी आठवली. एक मॅनेजर हलला की पाच शाखांतली बिऱ्हाडं हलतात, तसं. डॅलसच्या एसएमयूने आपला कोच काढून कॅलिफोर्नियातल्या यूएससीचे अँडी एनफिल्ड नेले. यूएससीने त्या जागी आर्कान्सासचे एरिक मसलमन नेले. आर्कान्सासची खुर्ची रिकामी झाली, तिथे कॅलिपारी स्वतःहून गेले. केंटकीची रिकामी झाली. तिथे शेवटी युटामधल्या बीवायूचे मार्क पोप आले आणि बीवायूने फिनिक्स सन्सचे सहायक कोच केव्हिन यंग यांना घेतलं. सगळं दोन-तीन आठवड्यांत. आमच्याकडे निदान "जॉइनिंग टाइम" मिळायचा!

केंटकीची खुर्ची रिकामी असलेले ते चार-पाच दिवस मी विसरणार नाही. औषधांच्या दुकानात, जावयांच्या ऑफिसात, मंदिरात सत्यनारायणाला जमलेल्या आपल्या देशी मंडळींतसुद्धा एकच विषय. तट पडले होते. एक तट डॅन हर्ली यांचा. त्यांच्या कनेक्टिकटने ८ एप्रिललाच लागोपाठ दुसरं विजेतेपद मिळवलं होतं. आत्ता देशात जो सगळ्यात मोठा तोच आणा, पैसे काय हवे ते द्या. दुसरा तट स्कॉट ड्रू यांचा. त्यांनी बेलरचा पार मोडकळीला आलेला संघ हातात घेतला आणि वर्षानुवर्षं बांधून २०२१ ला विजेता केला. तिसरा बिली डोनोव्हन यांचा. फ्लोरिडाला २००६ आणि २००७ अशी दोन विजेतेपदं, आणि तरुणपणी ते केंटकीतच पिटिनोंचे सहायक होते, म्हणजे अर्धे घरचे. चौथा नेट ओट्स यांचा, ज्यांनी अलाबामाला नुकतंच पहिल्यांदा अंतिम चार संघांत नेलं होतं.

अहो, ही चर्चा काही अडाणी नव्हती. ड्रू संघ बांधतात पण इथे बांधायला वीस वर्षं कोण देणार? डोनोव्हन शिकागो बुल्समध्ये गुंतलेत, पोरं गोळा करायला मोकळे कधी होणार? हर्लींचा तापट स्वभाव इथल्या रोजच्या चौकशीत टिकेल का? आमच्या कर्ज समितीत याच्या निम्मीसुद्धा चिकित्सा व्हायची नाही. साहेबांनी फाइल ढकलली की सही.

आणि मग एकेकाने नाही म्हटलं. ओट्सनी आपण अलाबामातच राहणार असं सांगितलं. हर्ली आले नाहीत. ११ एप्रिलला ड्रूंचाही नकार. १२ तारखेला नाव जाहीर झालं, मार्क पोप.

मार्क कोण? १९९६ च्या विजेत्या संघातले एक कर्णधार. पुढे एनबीएत खेळले. मग कोलंबिया विद्यापीठात डॉक्टरकी शिकत होते, ती सोडून कोचिंगमध्ये आले. आधी युटा व्हॅली, मग बीवायू. पण मार्चच्या स्पर्धेत कोच म्हणून दोनदा उतरले आणि दोन्हीदा पहिल्याच सामन्यात हरले. २०२१ ला यूसीएलएकडून आणि त्याच वर्षी, तीन आठवड्यांपूर्वी, ड्युकेनकडून. जावई फोनवर कोणाशी तरी जवळजवळ ओरडत होते. एकही सामना न जिंकलेला माणूस? आठ विजेतेपदांच्या जागी? शेजारच्या गृहस्थांनी कुंपणापलीकडून मला विचारलं, तुमच्या बँकेने याला कर्ज दिलं असतं का? (त्यांना माझी नोकरी कळल्यापासून ते मला असले प्रश्न विचारायचे.)

हे शुक्रवारी. रविवारी रप अरेनात पोप यांच्या स्वागताचा कार्यक्रम होता. अरेना भरून गेली, सुमारे वीस हजार माणसं. जुने खेळाडू आलेले. पोप बोलले ते शर्टावरच्या नावाबद्दल, छातीवर लिहिलेल्या 'केंटकी'बद्दल. लोक रडले. शुक्रवारी फोनवर ओरडणारे आमचे जावईबापू रविवारी घसा बसवून परत आले. सोमवारी झेंडा पुन्हा वर.

आता इथे आपले विद्वान टपकतात. एक म्हणतात, बघा, लोकांना काय कळतं, शुक्रवारी शिव्या, रविवारी आरत्या, प्रशासनालाच कळतं. दुसरे म्हणतात, बघा, शेवटी घरचा माणूसच लागतो. या दोघांशीही माझं भांडण आहे.

प्रशासनाला कळतं म्हणणाऱ्यांनी जरा केंटकीचीच जुनी खातेवही उघडावी. टबी स्मिथ. १९९७ ते २००७, दहा मोसम. पहिल्याच वर्षी विजेतेपद. दहाच्या दहा वर्षं किमान २२ विजय, दहाच्या दहा वर्षं मार्चच्या स्पर्धेत प्रवेश. या संघाचे ते पहिले कृष्णवर्णीय कोच. पण १९९८ नंतर पुन्हा अंतिम चारात गेले नाहीत म्हणून लोकांनी इतकं टोचलं की ते २००७ ला मिनेसोटाला निघून गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर, दरमहा हप्ता वेळेवर भरणाऱ्या खातेदाराला मोठी ठेव आणत नाही म्हणून शाखेतून हाकललं. त्या जागी डोनोव्हन हवे होते, तेव्हाही ते आले नाहीत. मग टेक्सास ए अँड एमचे बिली गिलिस्पी आले. स्वागत जोरात झालं. दोन मोसमांत ४० विजय आणि २७ पराभव. पहिल्या वर्षी गार्डनर-वेब आणि दुसऱ्या वर्षी व्हीएमआय अशा लहान कॉलेजांकडून आपल्याच घरी हार. दुसऱ्या वर्षी मार्चच्या स्पर्धेत जागाही नाही. काढले.

आणि काढल्यावर काय निघालं? दोन वर्षांत त्यांच्याशी पक्का करारच झाला नव्हता! एका प्राथमिक समजुतीच्या कागदावर कारभार चालला होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि जवळजवळ तीस लाख डॉलर देऊन मिटवावं लागलं. मी हे जावयांकडून ऐकलं तेव्हा चहाचा कप खाली ठेवला. अहो, आमच्याकडे पाच हजाराच्या कर्जालाही जामीनदाराची सही राहिली तर ऑडिटर शाखा डोक्यावर घ्यायचा.

आता पुढचं ऐका. त्याच विद्यापीठाने, त्याच क्रीडा संचालकांच्या काळात, दहा वर्षांनी काय केलं? २०१९ ला कॅलिपारींना दहा वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार. वर्तमानपत्रांनी त्याला नावच दिलं आजन्म करार. कोच म्हणून थांबले तरी पुढे विद्यापीठाचे दूत म्हणून मानधन चालू. एकदा कागदच नाही आणि एकदा तहहयात सनद! मधला काही मार्ग असतो हे कोणाला सुचू नये?

हा करार झाला तेव्हा लोक काय करत होते? टाळ्या वाजवत होते. मी मुद्दाम शेजारच्या गृहस्थांना विचारलं. म्हणाले, आम्ही खूश होतो, यूसीएलए त्यांना न्यायला टपलीय अशा बातम्या होत्या, राहिले म्हणून हायसं वाटलं. संघही त्या वर्षी अंतिम आठमध्ये जाऊन जादा वेळेत हरला होता. म्हणजे सगळं बरं चाललेलं.

हीच ती वेळ असते. बुडीत कर्जं मंदीत दिली जात नाहीत हो, तेजीत दिली जातात. पार्टीचं दुकान जोरात चालतंय, समोरची बँक तिला ओढायला बसलीय, वरून फोन येतोय की खातं जाता कामा नये. मग मुदत वाढते, व्याज कमी होतं, तारण सैल होतं. त्या दिवशी शाखेत पेढे वाटले जातात. पाच वर्षांनी एनपीए झालं की बिचारा नवा मॅनेजर खुलासे लिहीत बसतो.

ओकलंडकडून हरल्यानंतरच्या त्या आठवड्यात कॅलिपारींना काढायचं म्हटलं असतं तर विद्यापीठाला ३ कोटी ३० लाख डॉलरच्या वर मोजावे लागले असते. आकडा तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत होता. आपल्या रुपयांत पावणेतीनशे कोटी. एका माणसाने काम करू नये म्हणून! तेव्हा २६ मार्चला ते राहतील असं जाहीर झालं ते त्यांच्यावर विश्वास होता म्हणून की खिशात हात घालवत नव्हता म्हणून, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी तर ते पत्रक वाचताना थकलेल्या खात्याचं नूतनीकरण वाचतोय असंच वाटलं. रक्कम निघत नाही ना, मग खातं सुरळीत दाखवा.

आणि दोन आठवड्यांनी कॅलिपारी स्वतःच आर्कान्सासला गेले म्हणून विद्यापीठ वाचलं. नाहीतर हर्ली, ड्रू, डोनोव्हन ही चर्चा झालीच नसती, कारण खुर्चीच रिकामी नसती. ज्या पाच दिवसांत लाखो लोकांना वाटलं की आपण कोच निवडतोय, ते पाच दिवस त्यांना योगायोगाने मिळालेले होते. खरा निर्णय पाच वर्षांपूर्वी झाला होता आणि तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते.

यावर जावयांचा युक्तिवाद असा: "बाबा, २०१९ ला तो करार दिला नसता तर ते तेव्हाच गेले असते." गेले असते तर गेले असते. किंवा पाच वर्षांचा दिला असता, काढल्यास द्यायची रक्कम दरवर्षी कमी होत जाईल असं लिहिलं असतं, दुसरीकडे नोकरी लागली तर तो पगार त्यातून वजा होईल असं लिहिलं असतं. यात कोणाचा अपमान नाही. चांगल्या पार्टीशीही आपण अटी लिहूनच व्यवहार करतो, आणि जी पार्टी अटींचं नाव काढताच रुसते तिच्याबद्दल तिथेच काहीतरी कळतं. समोरची बँक घेऊन जाईल या धाकाने दिलेली मर्यादा आजवर कोणाला पचली?

आता दुसरे विद्वान, घरचा माणूस वाले. पोप घरचे होते म्हणून लोकांनी दोन दिवसांत डोक्यावर घेतलं, हे खरं. पण म्हणून ते चांगले कोच ठरतात का? आपल्याच दाराशी पाहा. मध्य प्रदेशने २०२२ ला बंगळुरात मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. कोच कोण? चंद्रकांत पंडित. मुंबईचा माणूस. मुंबईला आणि विदर्भाला आधीच विजेतेपद मिळवून दिलेला. त्यांना आणलं तेव्हा आमच्या कट्ट्यावर कुरकुर होतीच, बाहेरचा कशाला, आपल्यात कोणी नाही का? जिंकल्यावर हेच लोक सांगायला लागले की अहो ते आपलेच, १९९८-९९ ला याच बंगळुरात आपल्या संघाचे कर्णधार म्हणून अंतिम सामना खेळले होते. खुद्द नायडू तरी कुठले इंदूरचे? नागपूरचे. होळकरांनी आणले आणि इंदूरचे झाले. घरचा की बाहेरचा हे बहुतेक वेळा निकाल लागल्यावर ठरतं. पिटिनोंचंच बघा. केंटकी सोडून काही वर्षांनी शत्रू नंबर एक असलेल्या लुईव्हिलला गेले, तर इथे त्यांचं नाव घेणं पाप. २०२४ च्या ऑक्टोबरात आपल्या जुन्या कर्णधारासाठी रप अरेनात आले, तर उभं राहून टाळ्या.

पोप यांच्या पहिल्या मोसमाचा हिशेबही मांडतो, नाहीतर म्हणाल टाळलं. आधीच्या मोसमातला शिष्यवृत्तीवरचा एकही खेळाडू त्यांच्यासाठी थांबला नव्हता. कोरी पाटी. त्यातून २४ विजय, १२ पराभव. नोव्हेंबरात ड्यूकला हरवलं. टेनेसीला मोसमात दोनदा हरवलं, पण मार्चमध्ये अंतिम सोळाच्या फेरीत त्याच टेनेसीकडून ७८-६५ हरले. आणि १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपारी आर्कान्सासचा संघ घेऊन रप अरेनात आले, लोकांनी हुर्यो उडवली, आणि ते ८९-७९ जिंकून गेले. गंमत म्हणजे त्यांचाही संघ त्या वर्षी अंतिम सोळापर्यंतच गेला. म्हणजे शुक्रवारी ओरडणारेही चुकले नाहीत आणि रविवारी रडणारेही बरोबर ठरले नाहीत. एका मोसमात एवढंच कळतं. ज्यांना जास्त कळल्यासारखं वाटतं त्यांनी गिलिस्पींच्या स्वागताचे फोटो काढून बघावेत.

आता आपल्याकडे येतो. नाव घेत नाही, घ्यायचं कारण नाही. आपल्या शहरांतल्या एका जुन्या संस्थेत शताब्दीच्या उत्साहात, भर सभेत, टाळ्यांच्या गजरात, एका कर्तबगार गृहस्थांना तहहयात अध्यक्ष केलं गेलं. माणूस खरोखर कर्तबगार, प्रश्नच नाही. मी उभा राहून विचारलं, मुदत किती आणि आढावा कोण घेणार? मला सांगण्यात आलं, "साहेब, ही बँक नाही, कुटुंब आहे." पुढे त्यांची तब्येत खालावली, सभागृहाचं भाडं कोणी ठरवायचं यावर दोन वर्षं कागद हलला नाही, तरुण मंडळी पांगली. मग अध्यक्ष कोण व्हावा यावर जी भांडणं झाली त्यात तीन घरांचं येणंजाणं बंद पडलं. नावांवर भांडायला सगळे होते. त्या शताब्दीच्या सभेत माझ्या बाजूने हात वर झाले दोन, त्यातला एक आमच्या सौभाग्यवतींचा.

या बाबतीत केंटकीचा जुना नियम मला फार आवडला. ॲडॉल्फ रप १९३० पासून कोच. ८७६ विजय, चार विजेतेपदं, राज्यात देवासारखा मान. १९७२ पर्यंत सत्तरी ओलांडली. राज्य विद्यापीठात सत्तरीला निवृत्तीचा नियम होता. त्यांना अजून काम करायचं होतं. पण नियम लागू झाला, ते घरी गेले, सहायक जो हॉल आले आणि सहा वर्षांनी त्यांनी विजेतेपद आणलं. रप यांचा अपमान झाला का? १९७६ ला नवी अरेना उभी राहिली तिला त्यांचंच नाव दिलं, आजही आहे. आधी निवृत्त केलं, मग नाव दिलं. आपल्याकडे नाव देतो, फोटो लावतो, आणि माणूसही खुर्चीतच असतो.

कोणी म्हणेल, काका, चाहत्यांना कराराचं काय कळणार, ते खेळ बघतात. मला हे पटत नाही. जो माणूस सोळा वर्षांपूर्वीच्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला कोणी चेंडू सोडला हे सांगतो, त्याला मुदत, रक्कम आणि भरपाई हे तीन रकाने वाचता येत नाहीत? राज्य विद्यापीठ आहे, करार सार्वजनिक कागद आहे, मागितला की मिळतो. वर्तमानपत्रं छापतात. वाचत कोणी नाही, कारण त्यात नाव एकच असतं आणि बाकी सगळ्या अटी.

पोप यांना पाच वर्षांचा करार मिळालाय. पहिल्या मोसमानंतर लगेच आमचे जावई सुरू झाले, टेनेसीला दोनदा हरवलं, आता मुदतवाढ द्यायला हवी, नाहीतर कोणीतरी पळवेल. रविवारच्या फोनवर मी म्हटलं, "अहो, चार वर्षं शिल्लक आहेत. पळवेल कोण आणि कुठे?" ते म्हणाले, "बाबा, तुम्हाला मार्केट कळत नाही." मी म्हटलं, नसेल कळत. तुम्ही एवढंच करा, मुदतवाढीची बातमी आली की त्या कागदाची प्रत मागवा आणि मला पाठवा. काढल्यास किती द्यायचे आणि ती रक्कम दरवर्षी कमी होते की वाढते, तेवढं लाल पेन्सिलीने मी तुम्हाला खूण करून देतो.